वर दाजींचं जरा चाललंय

आमच्या कारखान्यात साबणाचा लगदा घोटायचा ड्रम आहे. दोन माणसं उभी मावतील एवढा. आत पोलादी पाती. झाकण वर माळ्यावर आणि बटणं खाली, त्यामुळे बटणापाशी उभ्या माणसाला आत कोण आहे ते दिसत नाही. पूर्वी साफ करायला जो आत उतरायचा, तो बटणाच्या पेटीची किल्ली स्वतःच्या खिशात घालूनच उतरायचा. मग एक फिटर किल्लीसकट घरी गेला, ड्रम अर्धा दिवस बंद पडला आणि मॅनेजरने फर्मान काढलं: किल्ली पेटीलाच राहील. आत माणूस असेल तर पुढच्या पाळीला तोंडी सांगायचं.

तोंडी! म्हणजे माणसाचा जीव आमच्या जिभेला टांगला. आणि आमच्या जिभा कशा चालतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या दुपारी आत दाजी होते. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, तेही फिटर. माझी पाळी संपली, पुढचा ऑपरेटर आला. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंदच होत नाही.

"काय रे, तोंड का उतरलंय? बायकोने हाकललं?" त्याने आल्याआल्या विचारलं.

"तुझं थोबाड दिसलं ना, म्हणून."

मग मी पाळी सोपवली. पंखा कुरकुरतोय. हातमोजे संपलेत. मॅनेजर तापलाय, समोर जाऊ नकोस. वर दाजींचं जरा चाललंय. आणि हो, कपाट काल उघडंच होतं, लावत जा की!

"कपाट मी नाही उघडं टाकलं!" रेडिओ उसळला. कपाटावरून आमची पाच मिनिटं जुंपली. हसलो, शिव्या दिल्या, मी निघालो.

नळावर हात धुताना आठवलं. रेडिओने पंख्याला शिवी दिली होती, मॅनेजरला दोन. कपाटावरून तर भांडलाच. दाजींवर एक शब्द नाही. आणि मी तरी काय बोललो होतो? ड्रममध्ये माणूस आहे, हे माझ्या तोंडून निघालंच नव्हतं.

ओल्या हातांनी धावलो. रेडिओने किल्ली फिरवली होती. अंगठा हिरव्या बटणावर, मान मागे वळलेली, पॅकिंगवाल्या बाईला विनोद सांगत होता.

"ड्रममध्ये माणूस आहे!"

अंगठा मागे आला. रेडिओ पांढराफटक.

"मला सांगितलं नाहीस तू."

"सांगितलं."

"काय सांगितलंस? बोल ना, काय म्हणालास?"



वर झाकणातून दाजींचं डोकं निघालं. "बोंबलतोस कशाला रे?" मग त्यांना रेडिओचा हात दिसला, पेटीतली किल्ली दिसली.

मॅनेजर आला. सगळं ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं. "नीट सांगत जा रे," म्हणाला आणि गेला. किल्ली पेटीलाच राहिली.

संध्याकाळी ताईचा फोन.

"तुझे दाजी जेवेनात. विचारलं तर नुसते भिंतीकडे बघतात. काय झालंय?"

"ताई, आज माझ्यामुळे दाजी मेले असते."

ती म्हणाली, "उद्या कुठे काम आहे त्यांचं?"

"त्याच ड्रममध्ये. अर्धा साफ व्हायचा राहिलाय."

"तू असशील ना तिथे?"

"उद्या माझी सुट्टी आहे. माझ्या जागी कोण येणार, मला माहीत नाही."