काचेत ठेवलेलं सरावाचं बाळ

"काच आली की समजायचं, आपलं काम संपलं," असं वर्गाच्या कोपऱ्यातल्या सांगाड्याने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. उभं राहून राहून वैतागलेला तो हाडांचा सापळा, त्याचं काय मनावर घ्यायचं? मला तर कौतुक हवं होतं. मित्रांनो, कौतुक मला भरपूर मिळालं, आणि आज त्याचाच मला संताप येतोय.

मी एक जुनी रबरी बाहुली आहे. खेळण्यातली नव्हे, नर्सिंग कॉलेजात सरावासाठी आणलेली. कारखान्यात मला केस दिले नाहीत की गुलाबी गाल दिले नाहीत. पण वजन नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं दिलं, मान तशीच लुळी ठेवली आणि छातीत एक पिशवी बसवली. माझ्या नाकातोंडावर मास्क घट्ट धरून त्याला जोडलेला फुगा दाबला, की हवा आत जाते आणि छाती वर येते. मात्र मान फार मागे ढकलली तर श्वासाची वाटच बंद होते. मग फुगा कितीही दाबा, छाती ढिम्म हलत नाही. मोठ्या माणसाची मान मागे झुकवतात, बाळाची मात्र जवळजवळ सरळच ठेवावी लागते. मला शिकवता येतं ते एवढंच. पण ते मी कुणालाही कधी खोटं शिकवलेलं नाही.

आमच्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंना मुली पाठीमागे 'पुन्हाबाई' म्हणत. एखादी मुलगी आनंदाने ओरडायची, "बाई, जमलं!" बाई शांतपणे म्हणायच्या, "पुन्हा." मुली कंटाळायच्या, हात दुखल्याचं सोंग करायच्या, पण शिकायच्या.

बाईंना एक शंका छळत होती. पास होऊन वॉर्डात गेलेल्या नर्सच्या हातात हे शिक्षण टिकतं का? त्यावर त्यांनी संशोधन करायचं ठरवलं आणि मला कडेवर घेऊन समोरच्या इस्पितळात निघाल्या. रस्ता ओलांडताना एका आजोबांनी त्यांना दम दिला, "अहो, टोपडं तरी घाला त्याला, ऊन लागतंय." बाईंनी मुकाट्याने माझ्या डोक्यावर रुमाल टाकला.

इस्पितळात बाईंनी एकेकीला आधी प्रश्न विचारले. उत्तरं सगळ्यांची तोंडपाठ. मग मला पुढे ठेवलं. "हे बाळ रडत नाहीये, श्वासही घेत नाहीये. करा." आणि बऱ्याच जणींनी माझी मान मागे टाकली. मोठ्यांच्या वॉर्डातून बदलून आलेल्यांनी तर हटकून.

"अगं बाई, मला येतं हे!" एक थोरली सिस्टर ओशाळून म्हणाली.

"तुम्हाला येतं, सिस्टर. तुमचे हात विसरलेत."

"म्हणजे हात काय शेजारणीचे आहेत का माझे?"

सगळ्या हसल्या, बाईसुद्धा. पण बाईंना हवं ते कळलं होतं. वर्षाकाठी एकदा हॉलमध्ये बसवून भाषण ऐकवायचं, चहा-बिस्किटं देऊन घरी धाडायचं, यातलं हातात काही उरत नाही. सराव कामाच्या जागीच हवा, थोडा थोडा आणि वरचेवर. म्हणून त्यांनी मला नवजात बाळांच्या खोलीत एका ट्रॉलीवर ठेवलं. येता-जाता जी ती मला हातात घेऊ लागली.

"ही पोर बरी बाई. माझ्या कार्ट्यांसारखी उलटून बोलत नाही," एक म्हणायची.

"बोलते की! चुकलं की छाती हलवत नाही. आणखी काय बोलायला हवं?" थोरली सिस्टर म्हणायची.

त्या दिवसांत माझा एक कान फाटला, हनुवटीला चिकटपट्टी लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. थोरल्या सिस्टरचे हात तर इतके तयार झाले, की बोलता बोलता ती माझी मान अचूक धरायची.

मग बाईंच्या संशोधनाला मोठ्या सभेत पारितोषिक मिळालं. फोटो निघाले, पाहुणे येऊ लागले. इस्पितळातल्या सगळ्या नर्सच्या प्रमुख, मेट्रन मॅडम, मला बघून हळहळल्या. "एवढी नावाजलेली बाहुली आणि ट्रॉलीवर? फाटक्या कानाची? लोक काय म्हणतील!" दुसऱ्याच दिवशी मला झालरीचं झबलं चढवलं. ज्या छातीकडे बघून शिकायचं, ती छातीच झाकली! त्याच खोलीसमोरच्या बोळात मला काचेच्या कपाटात ठेवलं, वर दिवा लावला आणि कुलूप घातलं. पुन्हाबाईंना बढती देऊन वरच्या ऑफिसात बसवलं. त्या दर बैठकीत म्हणायच्या, "बाहुली कपाटाबाहेर काढा." उत्तर मिळायचं, "बघू."

वरचेवर सराव हवा, हे सांगणाऱ्या संशोधनाला हार-तुरे देऊन यांनी सरावच बंद केला! आणि यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. पाहुणे काचेला नाक लावून "वा, छान" म्हणत आणि पुढे जात.

अशात 'धांदल' परत आली. कॉलेजात असताना सतत घाईत असायची, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं हे नाव. लेखी परीक्षेत पहिली आलेली मुलगी. नोकरी लागल्यापासून ती मोठ्यांच्या वॉर्डात होती. आता स्वतःच्या बाळंतपणाची रजा संपवून आली, तर तिला नवजात बाळांच्या खोलीत टाकलं. ती स्टोअरच्या काकांना घेऊन माझ्यापाशी आली.

"काका, ही जरा काढून द्या ना. उद्यापासून मी इथे आहे. हात बसवायचाय."

"मेट्रन मॅडमना विचारून या."

"त्या बाहेरगावी गेल्यात."

"मग आल्यावर बघू. बाहुली काय पळून चाललीय?"

"बाळं थांबतात का हो, काका?"

काकांनी किल्ल्या खिशात टाकल्या. "एवढं शिकलात ना, सिस्टर? मग खेळणी कशाला लागतात?"

काका गेले. धांदलने काचेसमोर उभं राहून हवेतच मास्क धरल्यासारखं केलं. हवेला मान नसते, मित्रांनो. चुकतंय की बरोबर, हे तिला कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी समोरच्या खोलीत एक बाळ आणलं. ते रडत नव्हतं. दार उघडं होतं, मला सगळं दिसत होतं. धांदलने मास्क लावला, फुगा दाबला. छाती हलेना. घाबरून तिने मान आणखी मागे ढकलली, मोठ्यांच्या वॉर्डातल्या सवयीने. मी काचेत किंचाळत होते, "मान! मान सरळ कर!" रबराचा आवाज कुणाला ऐकू जातो?

पलीकडून थोरली सिस्टर धावत आली. "मान सोड गं!" तिने एका हाताने ती इवलीशी मान सरळ केली. छाती वर आली. पुन्हा आली. मग बाळ रडलं.

बाळ वाचलं ना, मग आता शांत हो, असं मला कुणी सांगू नका. मी शांत होणार नाही. कारण परत आल्यावर मेट्रन मॅडमनी धांदलला बोलावलं ते नेमकं माझ्यासमोर. एक हात माझ्या काचेवर टेकून त्या कडाडल्या, "पहिली आली होतीस ना तू? लाज नाही वाटत?"

"मॅडम, मी बाहुली मागितली होती..."

"चूक झाकायला बाहुली सापडली होय तुला!"

त्या दिवसापासून धांदल कामावर आलेली नाही. परवा थोरली सिस्टर माझ्यासमोरच पुन्हाबाईंना सांगत होती, "घरी जाऊन आले तिच्या. स्वतःच्या लेकराला हात लावत नाही हो. सासूला म्हणते, तुम्हीच घ्या, माझ्याकडून मान चुकेल."

बाईंचा चेहरा उतरला. "पुढच्या बैठकीत परत मांडते मी हे."

"मांडा. पण तोवर त्या पोरीकडे कोण बघणार?"

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपा, असं सांगायची रीत आहे. मी तसं सांगणार नाही. मला जपू नका, मला वापरा. माझा दुसरा कान फाटू दे, पण शिकणाऱ्या हातांपासून मला लांब ठेवू नका.

आणि एक काम करा. मला इथून हलता येत नाही, तुम्हाला येतं. तुमच्या गल्लीत, तुमच्याच जिन्यावर एखादी नर्सताई राहत असेल, बरेच दिवस कामावर जाताना न दिसलेली. आईला सोबत घ्या आणि जाऊन या. काय चुकलं, कसं चुकलं, असलं काही विचारू नका. नुसतं दार वाजवा, थोडा वेळ बसा. आत बाळ रडायला लागलं, तर त्याला कोण उचलतंय, तेवढं बघून या.