उजव्या कानाचं पीक

नवऱ्याचं नाव घेऊ नये, असं आईनं शिकवलं होतं. पण ज्या माणसापर्यंत माझं एक वाक्य पोचता पोचेना, त्याचं नाव लिहायला मी आता लाजत नाही. मोरेश्वर. समोर मात्र अजून 'अहो'च. पांढुर्ण्याला आमचा संत्र्यांचा छोटा बगीचा होता, आणि त्यात याच्या मधमाश्यांच्या पेट्या.

मधाशी याला देणंघेणं नव्हतं. याला हवी होती रॉयल जेली. तरुण माश्यांच्या डोक्यातून पाझरणारी पांढरी, आंबट साय. अळी तीच असते. पुढे साधं खाणं मिळालं तर कामकरी माशी होते, शेवटपर्यंत जेली मिळाली तर राणी. मोरेश्वर मेणाच्या वाट्यांत कोवळ्या अळ्या ठेवायचा. राणी घडवायची म्हणून माश्या वाटी जेलीनं भरायच्या, आणि तिसऱ्या दिवशी हा अळी फेकून जेली काढून घ्यायचा. राणी काही घडायची नाही. जी पेटी जास्त वाट्या भरेल, तिचाच वंश तो दरवर्षी पुढे वाढवायचा. असं करत करत त्या माश्यांचं डोकंच फिरलं. पोकळ दिसलं की भर. माझं शिवणाचं अंगुस्तान, थर्मासचं झाकण, कुलपाचं भोक, काही सोडलं नाही.

अळी उचलायची काडी हा सुताराच्या पेन्सिलीसारखी उजव्या कानावर खोचून ठेवायचा. सत्त्याऐंशी साली एकदा काडीला चिकटलेली अळी घसरून कानात गेली. याला पत्ताच नाही. संध्याकाळपर्यंत माश्यांनी कान काठोकाठ भरला. डावा कान तरुणपणी गोटमारीत, आमच्या पोळ्यानंतरच्या दगडफेकीच्या जत्रेत, दगड लागून गेलेलाच होता, म्हणजे आता ठार बहिरा.

मी डॉक्टरकडे चला म्हणून खुणा केल्या. यानं मला लाकडी चमचा दिला. मी कान कोरला, आणि निघालेला माल बघून हा नाचायचा बाकी राहिला.

"दहा वाट्यांचा माल निंगाला एका कानातून! टाक, दुसरी अळी टाक!"

स्वतःचा कान कोणाला दिसत नाही, त्यामुळे काढणीची मजूर मी. राणीची वाटी उलटी टांगलेली असते, म्हणून हा कान जमिनीकडे येईल अशी मान वाकडी करून दिवसभर झाडाखाली स्टुलावर बसायचा. जामसांवलीच्या मारुतीच्या दर्शनाला निघालेले लोक वाट वाकडी करून कान बघायला यायचे. एका आजीनं तर कानापुढे नारळ फोडला.

आणि त्यातच माझी ऑर्डर आली. बोरगावच्या शाळेत शिक्षिका. लग्नाआधी ट्रेनिंग केलं होतं, त्याचं चीज झालं. महिनाअखेर हजर व्हायचं, नाहीतर जागा गेली. मला जायचंच होतं. पण यानं एकदा 'जा' म्हणावं, असंही फार वाटत होतं.

"अहो, मला बोरगावच्या शाळेत नोकरी लागली."

"काय म्हनून राहिली?"

मी ओरडून सांगितलं. रस्त्यावरून जाणारी भाजीवाली आत येऊन माझं अभिनंदन करून गेली. हा म्हणाला, "तोंड एवढं उघडू नको, माश्या भरून टाकतीन."

पाटीवर लिहून दाखवलं. "मान वाकडी हाय माही. वाचता नाही येत."

मग मी काढणीच्या दिवसाची वाट पाहिली. जुनी जेली निघाली आणि नवी अळी पडायची होती, तेवढा वेळ कान मोकळा होता. याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी कानाशी वाकून हळूच सांगितलं, "मला नोकरी लागली. मी जाऊ?"

"पयले अळी टाक. बाकीचं मंग पाहू."

म्हणजे ऐकू आलं होतं. मला इतका राग आला, की रडूच फुटलं. अळी टाकली, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघाले. स्टुलावरून हा ओरडला, "परवा काढनीले येजो!"

परवा मी बोरगावात पहिलीला बाराखडी शिकवत होते. काढणी झाली नाही की माश्या राणीची वाटी मेणानं बंद करतात. त्यांनी कान बंद केला.

दुसऱ्या आठवड्यात हा माझ्या वर्गाच्या दारात उभा. उजव्या कानातून मेणाचा लांबट कोश लोंबत होता.

"बाई, याईच्या कानाले शेंग लागली काय?" एका पोरीनं विचारलं.

मोरेश्वर घाबरलेला होता. "सुनंदा, आत कोनी बोलून राहिलं. रातदिवस, एकच गोष्ट."

'काय म्हणते?' मी हातानं विचारलं.

"समजून नाही राहिलं. पन तिले कुठंतरी जायचं हाय, असं वाटते."

मी काही म्हणायच्या आत कोशाचं टोक आतून गोल कापलं गेलं. झाकण उघडलं आणि राणी बाहेर आली. लांब, तांबूस, चकचकीत. कानाच्या पाळीवर बसून तिनं मिशा पुसल्या आणि पोरांच्या डोक्यांवरून खिडकीबाहेर उडून गेली. मोरेश्वरनं जेलीसाठी ठेवलेल्या अळ्यांतून एवढ्या वर्षांत घडलेली पहिली राणी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. लग्नानंतर इतका आनंद मला झाला नव्हता.

रिकामा कोश मी ओढून काढला, पदरानं कान पुसला. आत जेली नाही, अळी नाही, मेण नाही. कानाजवळ तोंड नेऊन सावकाश म्हटलं, "मला इथं नोकरी लागली आहे. मी इथंच राहणार."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. सवयीनं मान वाकडी केली.

"काय म्हनून राहिली?"

पहिलीच्या पोरांना मी एकच गोष्ट वीस वेळा सांगते, न चिडता. त्याला पुन्हा सांगितली नाही.