रोहूनं चाखलेली पावडर

सानगडीच्या तलावावर पहिलं जाळं मंगरूच्या घराचं. तलाव खुला व्हायच्या दिवशी या घरातल्या थोरल्यानं फेकजाळं टाकायचं, मगच बाकीच्या धिवरांनी पाण्यात पाय घालायचा. आणि यंदा हा थोरला खाटेवर बसून पाण्याचा पेलाही दोन्ही हातांनी धरत होता. टायफाइड उतरला, पण जाताना दंडातलं मांस घेऊन गेला. ताट पुढं केलं की मंगरू तोंड फिरवायचा. मासोळीच्या वासानंही मळमळायचं.

"तुमच्यानं नाही झालं तर खेमराज टाकन म्हनते," मंगरूची बायको शकुन म्हणाली. "जाळं धुऊनबी ठेवलं त्यानं."

खेमराज मंगरूचा चुलतभाऊ. तो नुसता हसला तरी शकुनला खपत नसे.

सून नीतू साकोलीच्या डॉक्टरकडून अमिनो ॲसिडच्या पावडरीचा डबा घेऊन आली. "अन्न जात नाही तोवर अंगाले याचा आधार, म्हने. भूक लागली का मंग जेवनच पाह्यजे."

"धिवराच्या घरी ताकद डब्यातून आनाची?" शकुननं नाक मुरडलं. तरी डबा तिनं देवाच्या फळीवर ठेवला.

मंगरू म्हणाला, "मीच कालवून घेत जाईन." डबा उतरत गेला, मंगरू होता तसाच. शकुननं डॉक्टरला धुतलं, नीतूला धुतलं.

एका सकाळी शकुन घरामागं तलावाच्या पाळीवर गेली, तर नवरा गरी टाकून बसलेला. जाळ्याला बंदी होती, काठावरून गरी टाकायला नव्हती. शेजारी बालदीत रोहू फडफडत होती. गरीला लावायचा कोंड्याचा गोळा तिनं हातात घेतला, तर डब्यातलाच वास.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"कडू लागते. पन फेकून कशी देऊ? म्हटलं, मासोळीच्या तरी अंगी लागू दे." मंगरूनं पलीकडच्या काठाकडं बोट केलं. "पन गंमत पाह्य. खेमराज कवाचा बसला हाय. त्याची गरी नुसती ओली. इथं गोळा पडला का मासोळी धावते."

शकुन बालदीकडं पाहत राहिली. जन्म गेला मासोळी विकण्यात. नको ते मासोळी तोंडात धरत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

"रोहूले समजलं," ती म्हणाली, "तुमाले कवा समजन?"

मंगरू हसला, आजारपणानंतर पहिल्यांदा. घरी येऊन पेला तोंडाला लावला. पुढं शकुन स्वतः कालवायची आणि पेला रिकामा झाल्याशिवाय समोरून हलायची नाही. हळूहळू त्याला भूक लागू लागली. भात मागितला, मग रस्सा, मग रोहूचं डोकं. पाळीवर फिरता फिरता तो रिकामं जाळं झटकून पाहू लागला.

तलाव खुला झाला त्या दिवशी सारं गाव काठावर होतं. मंगरूनं जाळं खांद्यावर घेतलं, श्वास धरला आणि फेकलं. पूर्वीसारखं पुरं गोल नाही पडलं, एका अंगानं चेपलं. पण पहिलं पडलं.

खेमराज जवळ आला. "वहिनी, दादाले काय चारलं वो?"

"तुह्या गरीले नव्हतं ते," शकुन म्हणाली. मग मागं वळून, साऱ्यांना ऐकू जाईल असं, "माह्या सुनेनं आनलं. जाय, तिलेच इचार."

नीतूनं पदर सावरला आणि सासऱ्याचं जाळं ओढायला पाण्यात उतरली.