मुंगसाचं मूळ

युवराजनं हैदराबादला तेलुगू बायको केली तेव्हाच मी त्याला बजावलं होतं, माझ्या दारात पाऊल टाकू नको. सहा वर्षांनी यंदा मे महिन्यात तो परळीला आला, तोही मीच निरोप धाडला म्हणून. मला नात बघायची होती. संस्कृती, पाच वर्षांची. सुट्टीभर तिला माझ्यापाशी ठेवायचं ठरलं होतं. सोबत सूनही आली, लावण्या. ती मला नको होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून मुंगूस पळालं. संस्कृती टाळ्या पिटत ओरडली, "मुंगिस! मुंगिस!"

माझं डोकंच सणकलं. "मुंगूस म्हण! ह्या घरात तेलुगू चालायचं न्हाई."

"लहान हाय ती, दादा," युवराज म्हणाला.

"म्हणूनच सांगतो. आरं, इंग्रजांनी मॉन्गूस हा शब्द आपल्या मराठीतून उचलला. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय मी."

"आणि मराठीत कुठून आला, मामा?" लावण्यानं विचारलं. तिचं मराठी स्वच्छ होतं. त्याचाही मला राग आला.

"आपलाच हाय तो."

"पुस्तकात बघू या ना."

"कावून बघायचं? मी सांगतोय न्हवं!"

तोवर युवराजनं कपाटातून माझा जाडजूड शब्दकोश काढलासुद्धा. लावण्यानं 'मॉन्गूस'ची नोंद शोधली. 'मराठी' या शब्दापर्यंत सगळं नीट होतं. पुढची ओळ निळ्या शाईनं गिरगटलेली. तिनं पान उन्हासमोर धरलं आणि शाईखालची अक्षरं लावत वाचलं, "मूळ द्राविडी. तेलुगू मुंगिस पाहा."

युवराज माझ्याकडं बघतच राहिला. संस्कृतीनं त्या फराट्यांवर बोट ठेवलं.

"आबा, पुस्तकावर कोणी गिरगटलं?"

"तुझ्या आईनं," मी म्हणालो.

पोरगी आईकडं बघायला लागली, मग माझ्याकडं. "पण आई तर इथं पहिल्यांदाच आलीय."

आत जाऊन लावण्यानं पोरीचे कपडे पिशवीत भरले. युवराजनं रिक्षा बोलावली. पोरीला राहू दे, एवढंच म्हणायला मी उठलो, पण तोंडातून निघालं भलतंच. "जा, जा! कोण अडवतंय?"

संस्कृती रिक्षात बसली. तिनं हात केला नाही.

रिक्षा हलली आणि कुंपणाशी मुंगूस पुन्हा दिसलं. मी फाटकाकडं धावलो आणि जीव खाऊन ओरडलो, "संस्कृती, मुंगिस! हे बघ, मुंगिस!"

रिक्षा वळणाआड गेली होती.