बंद पट्ट्यातलं गवत

शायलेट चिवोरेला टोळीप्रमुख व्हायचं होतं, आणि ही गोष्ट तिने कुणापासून लपवलीही नव्हती. मुकोवेच्या अभयारण्यात बायकांची गस्तीची टोळी उभी राहून सहा वर्षं झाली, पण टोळीच्या पुढे अजून पुरुषच चालायचा. या ऑगस्टात पहिल्यांदा ती जागा बाईला मिळणार होती. उमेदवार दोघी. एक शायलेट आणि दुसरी लोकेडिया, लांबच्या जिल्ह्यातून आलेली. परीक्षा म्हणजे चार दिवसांची गस्त, आणि मागून परीक्षक म्हणून गुंबोबाई. या बाई मोठ्या कचेरीतून आलेल्या. पंचवीस वर्षं रानात काढलेली बाई, बोलायची कमी आणि वहीत लिहायची फार. तिची पेन्सिल कागदावर वाजली की दोघी आपोआप ताठ चालू लागायच्या.

पहिले तीन दिवस शायलेटचेच होते, खोटं कशाला बोलू? रानम्हशींचा माग तिने सरळ खडकावरून काढला, तिथे लोकेडियाला नुसता खडकच दिसत होता. तारेचे अकरा फास सापडले, त्यातले आठ शायलेटने शोधले. तिसऱ्या दिवशी जेवताना लोकेडिया म्हणाली, "मी आता घरी जाते बाई. तू घाल ती पट्टी खांद्यावर, आणि आम्हाला रोज तुझे बूट पुसायला लाव."

"पुसशील का नीट?" शायलेट म्हणाली, आणि दोघी साडझ्याचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, घास तोंडात घेऊन हसत सुटल्या.

ही नोकरी शायलेटला फुकट मिळाली नव्हती. नवरा, लवमोर, जोहान्सबर्गला कामाला म्हणून गेला तो गेलाच. सात वर्षांत ना फोन, ना निरोप. पोर लहान. बायकांची भरती निघाली तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. पँट घालून, खांद्यावर बंदूक टाकून महिन्यातले वीस दिवस रानात राहणारी सून कुणाला हवी होती? तिच्या सासूला हवी होती. माई लवमोर म्हणायचे सगळे तिला, लेकाच्या नावाने. तिने गावच्या सभेत उभं राहून सगळ्यांना सुनावलं, "माझ्या लेकाने हिला टाकलं, तेव्हा तुमच्यातलं कोण पीठ घेऊन आलं होतं? आता तोंडं बंद ठेवा." आणि नातीला, रुवाला, पाठीला बांधून ती शेतावर निघून गेली. प्रशिक्षणाचे सहा महिने तिने ते पोर एकटीने सांभाळलं. सुनेला ती नावाने हाक मारायची नाही. माई रुवा म्हणायची, रुवाची आई, अगदी मानाने.

चौथ्या दिवशी सकाळी त्या नदीकाठच्या पट्ट्याशी आल्या. तो पट्टा जुलैपासून बंद होता, कारण आत एका सिंहिणीची पिल्लं होती. शायलेट पुढे, मागे लोकेडिया, त्यांच्या मागे गुंबोबाई. शायलेटने हात वर केला. गवतात विळे चालल्याचा आवाज येत होता.

"चार जणी आहेत," ती हळूच म्हणाली. "वाऱ्याच्या बाजूने जाऊ."

मागे पेन्सिल वाजली. शायलेटला मनातून बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की आपल्या गावच्या बाया असतील हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

तिघी पळाल्या. भारे टाकून, चपला टाकून, नदीच्या अंगाने दिसेनाशा झाल्या. चौथी पळाली नाही, कारण तिचा डावा गुडघा धरलेला होता आणि तो पळण्यातला उरला नव्हता. ती माई लवमोर होती.

शायलेट जागीच थबकली. तिला एका क्षणात सगळं कळलं. छपराचं गवत कापायला जुलैत घरटी एक चिठ्ठी मिळते. चिठ्ठी असेल त्याने मोकळ्या पट्ट्यात पंधरा दिवस कापायचं, मग बंद. "मी तर कचेरीतच असते, माई, मी आणते," असं शायलेटच म्हणाली होती. मग परीक्षेची तयारी सुरू झाली, नकाशे आले, कायद्याची कलमं पाठ करणं आलं, आणि चिठ्ठी राहिली. सासूने दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. रुवा झोपते त्या खोपीचं छप्पर गेल्या पावसात तीन ठिकाणी गळलं होतं.

माई लवमोरने विळा खाली ठेवला, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि ती उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. पकडल्या गेलेल्या बाईचं ते हसू नव्हतं. दहा दिवसांनी घरचं माणूस दिसलं, म्हणून ती हसत होती.

त्या खोऱ्यात सासू सुनेला कुठेही भेटो, पाणवठ्यावर, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, सून आधी गुडघ्यांवर बसते. ओंजळ करून टाळ्या वाजवते, बऱ्या आहात ना म्हणून विचारते, आणि सासूने टाळ्यांनीच उत्तर देईपर्यंत उठत नाही. बाकीचं सगळं मग. माई लवमोर त्याचीच वाट बघत होती. हात तिने पुढे घेऊनच ठेवले होते.

आणि नियम तरी काय अवघड होता? नात्यातलं माणूस सापडलं तर तिथल्या तिथे सांगायचं आणि बाजूला व्हायचं; पंचनामा दुसरी करेल. यात कुणाची नोकरी जात नाही. शायलेटला तो नियम पाठ होता. पण मागे ती वही होती. टोळीप्रमुख व्हायला निघालेल्या बाईच्या घरचीच बाई बंद पट्ट्यात, हे त्या वहीत लिहिलं जाईल, कचेरीत वाचलं जाईल, पुरुष टोळीत चघळलं जाईल.  आणि तिच्या तोंडातून आलं ते असं:

"नाव काय?"

माई लवमोरचं हसू जरा वेळ तसंच राहिलं. मग तिने गुंबोबाईकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, लोकेडियाच्या खांद्यावरच्या बंदुकीकडे पाहिलं. बाई मोठी चलाख. तिला सगळं समजलं. धरलेला गुडघा हाताने दाबत ती खाली बसली, सुनेपुढे, आणि ओंजळ करून टाळ्या वाजवू लागली.

"बऱ्या आहात ना, साहेबबाई? चूक झाली. म्हातारीला माफी असावी."

शायलेटला वाटलं, आत्ता धरणी फाटावी. पण धरणी काही फाटली नाही, आणि तिचे गुडघेही वाकले नाहीत.

"मी नाव विचारलं."

"एनेशिया मुतेमा."

मुतेमा हे माहेरचं नाव. चाळीस वर्षांत तिने ते कुणाला सांगितलं नसेल. शायलेटने ते कागदावर लिहून घेतलं. 

तळ दोन तासांवर होता. गवताचा भारा पुरावा म्हणून न्यायचा होता, तो लोकेडियाने उचलून आपल्या डोक्यावर घेतला. "आजी, माझा दंड धरा," ती म्हणाली. "सावकाश चला, कुणी आपल्यामागे लागलेलं नाही." शायलेट पुढे चालत होती. तिच्या बाटलीत पाणी होतं, आणि मागून म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. दोनदा तिचा हात बाटलीकडे गेला आणि दोनदा परत आला. आता पाणी दिलं तर मघाशी का नाही ओळखलंस, असं स्वतःलाच विचारावं लागलं असतं.

"तुला सासू आहे का गं?" मागे माई लवमोरने लोकेडियाला विचारलं.

"आहे की. जिभेला हाड नाही तिच्या. मी दिसले की सुरू."

"असू दे. तू हाक तरी मारतेस ना तिला?"

"मारावीच लागते हो, नाही मारली तर जेवायला कोण देणार?" लोकेडिया हसली. म्हातारीही हसली. शायलेटचे कान तापले आणि तिने पावलं उचलली. मागची माणसं मागे पडली, तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीही लाज वाटली.

तळावर झाडाखालच्या टेबलाशी शायलेटच कागद भरायला बसली. माई लवमोर समोर जमिनीवर, पाय लांब करून.

"घरात कोण कोण?"

"नात. आठ वर्षांची आहे."

"मुलगा?"

"जोहान्सबर्गला. त्याचं काही कळत नाही."

पुढचा रकाना सुनेचा होता. शायलेटला तो प्रश्न तोंडाने विचारता येईना. तिने पेन तिथे नेऊन ठेवलं, आणि म्हातारीने ते पाहिलं.

"नाही म्हणून लिहा," ती शांतपणे म्हणाली.

शायलेटने 'नाही' लिहिलं. स्वतःच्या हाताने लिहिलं.

तेवढ्यात गुंबोबाईने तिला पाण्याच्या टाकीमागे बोलावलं. वही तिने मिटूनच काखेत धरली होती.

"परवा तो मध चोरणारा म्हातारा सापडला," ती म्हणाली. "त्याच्यापुढे तू गुडघे टेकून टाळ्या वाजवल्यास, मग परवाना मागितलास. काल त्या मासळीवाल्या बाईपुढे तेच. मी लिहून ठेवलंय, मला आवडलं होतं ते. आज त्या म्हातारीपुढे तू साधी मानसुद्धा वाकवली नाहीस. उलट ती तुझ्यापुढे बसली. का गं?"

शायलेटने टोपी काढून हातात घेतली.

"अनोळखी म्हातारीला कुणी इतकं टाळत नाही, पोरी. कोण आहे ती तुझी?"

"सासू," शायलेट म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "तिनेच मला इथवर आणलं. चिठ्ठी आणायची मी विसरले होते. माझ्यामुळे ती तिथे गेली."

गुंबोबाईने वही दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाली, "तिथेच सांगितलं असतंस तर मी लोकेडियाला पुढे केलं असतं, आणि तुझ्या नावापुढे चांगलंच लिहिलं असतं. एवढंच करायचं होतं."

शायलेट धावतच टेबलाशी आली. लोकेडिया तिथे होती, पुरुष टोळीतले दोघे बूट सुकवत बसले होते, स्वयंपाकी दारात उभा होता. आता कोण बघतंय याची तिला शुद्ध नव्हती. ती सासूपुढे धुळीत गुडघ्यांवर बसली, ओंजळ केली आणि टाळ्या वाजवू लागली.

"माई. बऱ्या आहात ना, माई? मी चुकले. मी शायलेट, माई."

लोकेडियाच्या हातातला पेला तसाच राहिला. "अगं बाई," ती एवढंच म्हणाली.

माई लवमोरचे हात मांडीवर होते. ते हलले नाहीत.

"अहो, उठा," ती म्हणाली. "गणवेश मळेल तुमचा."

"माई, अहो काय म्हणताय मला! रागवा, मारा हवं तर. पण असं नका बोलू."

"आजी," गुंबोबाई मागून म्हणाली, "ही तुमची सून ना? तसं सांगा, मी कागद दुरुस्त करते."

माई लवमोरने सुनेच्या तोंडाकडे पाहिलं, गवतात पाहिलं होतं त्यानंतर पहिल्यांदाच. त्या नजरेत राग असता तर शायलेटने तो आनंदाने घेतला असता.

"लिहिलंय तेच राहू द्या, बाई," ती म्हणाली. "खाडाखोड केली तर पोरीच्या नोकरीला डाग लागेल. सहा वर्षं राबलीय ती तिच्यासाठी."

मग तिने लोकेडियाकडे हात केला. "मला जरा उठव गं. नात शाळेतून यायची वेळ झाली, घरात कुणी नाही." लोकेडियाने तिला उठवलं, गुंबोबाईने जाऊ दे म्हणून मान हलवली. ती फाटकाकडे चालू लागली, डावा पाय ओढत, रिकाम्या हातांनी. विळा आणि भारा टेबलाशीच राहिले. फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

शायलेट तिथेच गुडघ्यांवर होती. ओंजळ अजून समोर धरलेली होती. लोकेडिया म्हणाली, "ऊठ आता," स्वयंपाकीही म्हणाला, पण सासूकडून उत्तर आल्याशिवाय उठायचं कसं, हे तिला माहीत नव्हतं.