धग माझी नव्हती

मित्रांनो, घरात गॅस आला आणि माझ्यावरचा चहा बंद झाला, तरी मी अजून मोडीत निघालेली नाही. मी एक जुनी लोखंडी शेगडी आहे. चाकूरच्या लोहाराने मला ठोकून ठोकून घडवले आणि साखराबाईंनी भरपूर घासाघीस करून घरी आणले. तेव्हापासून माझे मानाचे काम एकच, बाळंतिणीच्या बाजेखाली बसायचे. निखाऱ्यांवर ओवा पडला की वास गल्लीभर जायचा, आणि मुलगा की मुलगी, असे विचारत बायका यायच्या. खोटे कशाला बोलू, मला त्याचा चांगलाच तोरा होता.

यंदा साखराबाईंची सून आरती बाळंत झाली. गर्भाचे पाणी आदल्या दिवशीच गेले होते, कळा लांबल्या, त्यात अंगात रक्त कमी. तरी दवाखान्यात मुलगी सुखरूप झाली आणि दोघी घरी आल्या. मी थाटात बाजेखाली जाऊन बसले.

दुसऱ्याच दिवशी आरतीला हुडहुडी भरली. ओटीपोट दुखू लागले, अंग भाजू लागले. गावच्या आशा सेविका लुंबिनीताई आल्या. अंगावरून जाते त्याला घाण वास येतो का, असे त्यांनी हळूच विचारले. आरतीने होकाराची मान हलवली. थर्मामीटरमध्ये ताप निघाला, पण साखराबाई ऐकेनात. खाली निखारे असल्यावर अंग तापणारच, असे त्यांचे म्हणणे.

लुंबिनीताई भांडत बसल्या नाहीत. त्यांनी रुग्णवाहिकेला फोन केला आणि म्हणाल्या, "मावशी, गाडी येईस्तोवर शेगडी भाईर ठिवा. अंग निवलं तर गाडी परत पाठवू."

मला अंगणात आणून ठेवले. कोंबड्या माझ्याकडे टकामका बघत होत्या. मला फार राग आला, पण वाऱ्याने माझ्या निखाऱ्यांची राख झाली. साखराबाईंनी मला हात लावून पाहिला, मग आत जाऊन आरतीच्या कपाळाला लावला.

"शेगडी तर इझली," त्या म्हणाल्या, "अन् पोर अजून तापूनच राहिली."

गाडी आली तेव्हा साखराबाईच आधी चढल्या.

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितले, गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला होता, पण वेळेत आणले. सलाईन, इंजेक्शने झाली. आता आरती घरी आहे आणि लेकीच्या नावावरून सासूशी रोज वाद घालते. मला ते ऐकायला फार आवडते.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या बाळंतिणीचे अंग तापले तर माझ्यावर ढकलू नका. मला खुशाल बाहेर काढा आणि तिला दवाखान्यात न्या. माझा रुसवा मी बघून घेईन.