बिननावाचा पंखा

धूलकोटच्या शाळेत प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव आहे. वारा कमी, नाव जास्त. फक्त कम्प्युटरच्या खोलीतला पंखा कोरा आहे. तो निरंजनच्या वडिलांनी, वामन गुरुजींनी दिलेला. नाव रंगवायला पेंटर आला तेव्हा गुरुजींनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. आपल्या हातानं आपलं नाव लिहायचं नसतं, हे त्यांनी मुलाला शिकवलं आणि मुलानं ते नको तितकं मनावर घेतलं.

निरंजन त्याच शाळेत कम्प्युटर शिकवतो, बुऱ्हाणपूरहून रोज बसनं जातो. खोलीत बारा जुनी मशीनं आहेत. ती चालतात ‘पाटी’ नावाच्या सॉफ्टवेअरवर. ‘पाटी’ कुण्या कंपनीची नाही. देशभरातले लोक ती आपल्या हौसेनं लिहितात आणि कुणीही फुकट वापरतं. तिचा जुन्या मशीनांवर चालणारा भाग गेली आठ वर्षं निरंजन सांभाळत होता.

यंदा ‘पाटी’च्या तांत्रिक प्रमुखाची निवडणूक लागली. बेंगळुरूच्या एका उमेदवारानं आधीच जाहीर केलं होतं की मी आलो तर जुन्या मशीनांचा भाग बंद. म्हणजे धूलकोटची बारा मशीनं भंगारात. म्हणून जन्मात कधी वर्गाचा मॉनिटरही न झालेला निरंजन उभा राहिला. त्याची बायको तृप्ती आधी पोटभर हसली, मग अर्ज तिनंच दोनदा तपासून दिला.

वर्षभरात ज्याच्या नावावर निदान पाच कामं नोंदली गेली, त्याला मत, असा नियम. निरंजनला वाटलं, निम्मे मतदार तर आपणच घडवलेत. ते खरंही होतं. नवशिक्यानं अर्धकच्चं काम पाठवावं, निरंजननं ते मुळापासून पुन्हा लिहावं आणि नोंदीत नाव त्या नवशिक्याचंच ठेवावं, अशी त्याची रीत. त्यानं हुरूप येतो, म्हणायचा. आता नोंद उघडून पाहिली तर त्याच्या स्वतःच्या नावावर कामं निघाली सहा.

योगेशच्या नावावर एकेचाळीस. योगेश जसोंडी गावचा, निरंजनचाच जुना विद्यार्थी. ती एकेचाळीस कामं दाखवूनच त्याला इंदूरला नोकरी लागली होती. उमेदवारांना प्रश्न विचारायच्या पानावर पहिला प्रश्न त्याचाच आला, अगदी अदबीनं: सरांनी या वर्षात स्वतः केलेलं मोठं काम कोणतं? त्याच्या मनात खोट नव्हती. सरांना चार शब्द बोलायला जागा मिळावी म्हणून बिचाऱ्यानं विचारलं. सरांनी आपलं काम ‘जरा नीट केलं’, एवढीच त्याची समजूत होती.

निरंजननं खरं उत्तर लिहिलं. वाचलं. ते तिथं टाकलं असतं तर इंदूरला योगेशच्या साहेबांनीही वाचलं असतं. त्यानं ते खोडलं आणि लिहिलं, ‘सगळ्यांनी मिळून केलं.’ असं उत्तर सत्काराला शोभतं, निवडणुकीला नाही. ऐंशीपैकी त्याला नऊ मतं पडली, बेंगळुरूचा उमेदवार निवडून आला.

तृप्तीनं निकालासाठी मावा जलेबी आणून ठेवली होती. ती तशीच राहिली.

“खरं सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं?” ती म्हणाली.

“योगेशची नोकरी आहे त्या नोंदींवर.”

“आणि तुमच्या शाळेतल्या पोरांचं काय?”

आपण भले आहोत की नुसते बावळट, हेच निरंजनला कळेना, आणि दोन्हींची सारखीच लाज वाटली.

पंधरा दिवसांनी, रविवारी दुपारी योगेशचा फोन आला. नव्या प्रमुखानं जुना भाग काढून टाकायचं काम त्याच्यावर सोपवलं होतं. नोंदीत त्या भागावर सगळ्यात जास्त त्याचंच नाव होतं, मग दुसरं कुणाला सांगणार?

“सर, बुरा नका मानू,” योगेश म्हणाला. “मले त्याच्यातलं काहीच समजून नाही राहिलं. कुठं हात लावला तर नवं बी बंद पडून जातं. तुम्ही एक बार देखून घ्या ना.”

दुसऱ्या कुणी घाईत उपटलं असतं तर ‘पाटी’ सगळीकडेच बंद पडली असती. निरंजन म्हणाला, पाठव.

आठ वर्षांचं काम काढायला दोन तास लागले. प्रत्येक ओळ ओळखीची होती. पुसून झालं, नीट चालतंय हे त्यानं तपासलं, आणि शेवटी नोंदीत काम करणाऱ्याचं नाव विचारलं गेलं. त्यानं नेहमीसारखं योगेशचं नाव लिहिलं. या एका कामावर आपलं नाव नाही, याचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.